वीस झोक्यांचे छत्तीस सेकंद

८ जानेवारी

लाडक्या वन्सं,

वन्सं म्हटलं की तू नाक मुरडतेस हे ठाऊक आहे, म्हणूनच म्हणते. पत्र अशासाठी, की फोन लावला की तुझा दादा दोन मिनिटांत तो माझ्या हातून काढून घेतो. मग बहीणभावाच्या गप्पा रंगतात आणि माझं काम राहतं बाजूला.

काम तुझ्या मॉड्यूलचंच आहे. पण आधी कौतुक, कारण ते मी तोंडावर करणार नाही. तुमच्या केंद्राने पाठवलेली विज्ञान-गणिताची बारा मॉड्यूलं आठवीत चालू केल्यापासून माझा घसा सुखात आहे. पोरं आपापली पुस्तिका उघडतात, पेटीतलं सामान काढतात, करून बघतात आणि शेवटची चाचणी देतात. मी पाकिटातली उत्तरं काढून तपासते. जुळलं तर पुढचं मॉड्यूल, नाही जुळलं तर तेच पुन्हा. चौदा वर्षं शिकवतेय, पण मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी वर्ग उठत नाही हे यंदाच पाहिलं. तू ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस असं मी तुझ्या दादाला म्हणायचे. ते शब्द मागे घेतले.

आता अडचण. एक मुलगी नवव्या मॉड्यूलवर अडकून बसलीये. तेच, लंबकाचं. मीटरभर दोरा कापा, एका टोकाला नट बांधा, दुसरं टोक खिळ्याला बांधा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. पाकिटात उत्तर आहे चाळीस, एखादा सेकंद इकडेतिकडे चालेल असं लिहिलंय. अख्ख्या वर्गाचं चाळीस आलं. हिचं येतं छत्तीस. दोनदा चाचणी दिली, दोन्हीदा छत्तीस. मी म्हटलं, 'अगं, मोजताना झोपतेस का?' तर म्हणते, 'बाई, गाठीत दोरा जातो. शिवणीत कापड जातं ना, तसा.' शिंप्याची पोर आहे, दप्तरात मापाची पट्टी बाळगते. बाक मोजते, फळा मोजते, परवा माझी छत्री मोजून ठेवली. सबबसुद्धा दुकानातली आणली, मला हसूच आलं.

एरवी सोडून दिलं असतं, पण दहा मार्चपर्यंत बाराही मॉड्यूलं पुरी झाली नाहीत तर नववीत विज्ञानाची तुकडी मिळत नाही. हिला तिथेच जायचंय, दुसरं काही बोलतच नाही. कुठे चुकत असेल, सांग.

तुझी वहिनी

१४ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं कौतुकाचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. शेळ्यांचं वाक्य बोटाखाली झाकून.

तुझ्या शिंपीणबाईंचा आजार जुना आहे आणि औषधही सोपं आहे. मुलं नट सोडतानाच 'एक' म्हणतात. खरं तर जाऊन परत आला की एक. त्यामुळे वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झालेले असतात आणि दोन सेकंद हुकतात. उरलेले दोन घड्याळ उशिरा चालू केल्यामुळे. तिला 'शून्य' म्हणून सोडायला सांग, चाळीस हात जोडून येतील. लंबक काही आपल्या घरचा नोकर नाही, की एकासाठी चाळीस आणि दुसरीसाठी छत्तीस. गाठींचं ऐकून मीही हसले. हुशार मुलं अशीच असतात, चूक मान्य करण्याऐवजी तिच्यासाठी नवीन कारण शिवून आणतात.

पण तिच्यावर दया दाखवून पुढे ढकलू नकोस. मॉड्यूलचा सगळा जीव त्या पायरीत आहे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही.

इथे माझी धावपळ आहे. पाच फेब्रुवारीला आमच्या कामाची तपासणी आहे. सगळं सुरळीत पार पडलं तर गणित विभाग माझ्याकडे येईल असं साहेब म्हणालेत. दादाला इतक्यात सांगू नकोस, तो गावभर करेल.

तुझी वन्सं (घे, आता मीच म्हणते)

२३ जानेवारी

वन्सं,

औषध लागू पडलं नाही.

'शून्य' म्हणायला लावलं. मी शेजारी उभी राहिले. तिने शून्य म्हणून नट सोडला, ओठ हलवत मोजलं, घड्याळ थांबवलं. छत्तीस. मग मी वर्गासमोर करायला लावलं, म्हटलं चारचौघांदेखत तरी नीट करेल. पुन्हा छत्तीस. पोरं हसायला लागली. मीही वैतागून बोलून गेले, 'हिचा आणि मॉड्यूलचा छत्तीसचा आकडा आहे.' झालं. आता पोरं तिला 'छत्तीस' म्हणूनच हाक मारतात. मैदानात, जिन्यात, हजेरी घेतानाही मागून कुणीतरी 'छत्तीस हजर' म्हणतं. मी दटावते, पण सुरुवात माझ्याच तोंडून झाली. जीभ चावून आता काय उपयोग?

काल तिचे वडील आले होते. गळ्यात टेप तसाच. दुकान उघडं टाकून आले असणार, कारण बसा म्हटलं तरी दारातच उभे. म्हणाले, 'बाई, माझी पोर मापात चुकत नाही हो. सात वर्षांची असल्यापासून गिऱ्हाइकांची मापं ती लिहून घेते. पण तुम्ही म्हणता तर चुकत असेल.' हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मी तिचे कागद उगाच पुन्हा चाळत बसले.

आणि ती मला काय म्हणाली, सांगू? चौथ्यांदा लाल फुली पाहून रडली नाही. विचारते, 'बाई, ज्यांनी उत्तर लिहिलं, त्यांनी मोजलं होतं का?' मी ताडकन म्हटलं, 'मग काय, असंच लिहितात?' तुझी बाजू घेतली बघ.

पण तुला म्हणून लिहिते, एकदा तपासून बघशील? उत्तर बरोबरच असणार, माझं समाधान म्हणून. अजून तीन मॉड्यूलं पुढे आहेत आणि हातात दीड महिना. ही पोर नुसत्या एका आकड्यापायी साध्या तुकडीत जाऊन बसली तर मला चैन पडणार नाही.

वहिनी

१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तपासणीची गडबड होती. ती नीट पार पडली. गणित विभाग माझ्याकडे आला. दादाला सांगितलंस तरी चालेल.

तू म्हणालीस म्हणून नवव्या मॉड्यूलचं उत्तर पुन्हा पाहिलं. मीटरभर लांबीच्या लंबकाचे सूत्राप्रमाणे चाळीसच सेकंद येतात.

तरीही त्या मुलीला फार ताणू नकोस. आणखी एक चाचणी दे. जमलं तर ठीक, नाही जमलं तर तू वर्गशिक्षिका आहेस, तुझ्या अधिकारात पुढे पाठव. मागच्या पत्रात मी पायरीबद्दल जरा जास्तच लिहिलं होतं.

ती पोर घरी अभ्यास कुठे करते? दुकानातच का? सहज विचारते.

इथे सगळं ठीक. कामाचा ढीग आहे, म्हणून इतकंच.

तुझी

२४ फेब्रुवारी

लाडक्या वन्सं,

तोंड गोड कर! विभागप्रमुख झालीस आणि बातमी दोन ओळींत उरकतेस? दादाने खरंच गावभर केलं. शेजारच्या कंपाउंडरला तर दोनदा सांगितलं.

आणि माझीही बातमी ऐक. जमलं! तुझं पत्र आल्यावर मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, 'वरच्या बाईंनी स्वतः तपासलंय, उत्तर चाळीसच आहे. शांतपणे एकदा कर. नाही आलं तरी मी तुला पुढे पाठवीन.' ती दोरा घेऊन खिडकीपाशी गेली. थोड्या वेळाने येऊन कागद दिला. चाळीस! मी तिची पाठ थोपटली, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या चालू असताना ती खाली बघत होती. लाजली बिचारी.

तेव्हापासून गाडी अशी सुटलीये की विचारू नकोस. दहावं मॉड्यूल तीन दिवसांत. तेच, उकळलेलं पाणी निवताना दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचं. हिचे आकडे बघ, ८२.५, ७१, ६२.५, ५५.५. पाकिटाशी ताडून पाहिले तर दशांशसुद्धा हललेला नाही! पूर्वी हिच्या कागदावर खाडाखोड किती असायची, एकेक माप तीनतीनदा. आता स्वच्छ कागद, एक रेघ खोडलेली नाही. अकरावंही झालं. बारावं उद्या देते. दहा मार्चच्या आधी नक्की पुरं होणार.

तू समजूतदारपणे लिहिलंस म्हणून मी तिच्याशी मऊ बोलले आणि तेवढ्याने तिची भीती गेली. हे श्रेय तुझं. घरी ती दुकानातच अभ्यास करते, कापायच्या टेबलाच्या एका कडेला. तुला तिची इतकी आठवण राहिली, मला फार बरं वाटलं.

तुझी वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी,

श्रेय देऊ नकोस. हे पत्र शेवटपर्यंत वाच, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझं तेवीस तारखेचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी घरी दोरा कापला. मीटरपट्टीने मोजून, शंभर सेंटिमीटर. टोकाला नट बांधला, दुसरं टोक पडद्याच्या दांडीला बांधलं, अगदी माझ्याच पुस्तिकेत लिहिलंय तसं. शून्य म्हणून सोडला. छत्तीस. तीनदा केलं, तिन्हीदा छत्तीस. मग दांडीपासून नटापर्यंत लांबी मोजली. ऐंशी सेंटिमीटर. वीस सेंटिमीटर गाठींनी आणि वेढ्यांनी खाल्ले होते. शिवणीत कापड जातं, तसे.

तिने विचारलं होतं ना, उत्तर लिहिणाऱ्यांनी मोजलं होतं का? नव्हतं मोजलं. मी टेबलाशी बसून सूत्रातून काढलं आणि पाकिटात घातलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'स्वतः करून पाहा, ऐकीव उत्तरावर विसंबू नका' हे वाक्यही माझंच आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एवढीच चूक असती तर मी तुला हसत कळवली असती. चूक कुणाची होत नाही?

पण मला कळलं होतं, वहिनी. जानेवारीतच कळलं होतं. तपासणीला दहा दिवस होते. दोनशे शाळांत पुस्तिका गेल्यात, त्यावर पहिलं नाव माझं आहे. म्हटलं, तपासणी होऊ दे, मग सांगू. तपासणी झाली, तर म्हटलं, नवीन पद हातात आलंय, लगेच कसं सांगू? आणि तुला जे लिहिलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी मुद्दाम बघून घेतलं होतं. 'मीटरभर लांबीच्या लंबकाचे सूत्राप्रमाणे चाळीसच.' ते वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं. त्या मुलीचा कागद स्वच्छ झाला आणि माझ्यावर खाडाखोड करायची वेळ आली.

मला वाटलं होतं, तू तिला पुढे ढकलशील आणि कुणाचं काही बिघडणार नाही. ती चाळीस लिहील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि ते पाण्याचे आकडे. ते आमच्या प्रयोगशाळेत, आमच्या भांड्यात, एका विशिष्ट दिवशी मोजलेले आहेत. तुमच्या वर्गात, तुमच्या खिडकीच्या वाऱ्यात, दशांशासकट तेच येणं शक्य नाही. तिने पाणी तापवलंच नसेल. ज्यांचं झालंय त्यांच्या वहीतून उतरवलं असेल. चार वेळा खरं लिहून जे मिळालं नाही, ते एकदा खोटं लिहून मिळालं. टाळ्यांसकट. आता ती कशाला मोजेल?

काल मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, 'एका मुलीपायी दोनशे शाळांना दुरुस्ती पाठवायची?' मी म्हटलं, 'प्रत्येक शाळेत अशी एक असेल.' दुरुस्तीची चिठ्ठी जाईल. विभाग माझ्याकडे राहील की नाही ते मला माहीत नाही, आणि खरं सांगते, ते विचारायचा मला हक्क नाही.

तिची माफी कशी मागू? तू सांगशील ते करीन.

वन्सं

९ मार्च

वन्सं,

पहिले दोन दिवस मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. तुझा दादा शेवटी म्हणाला, 'आता तिला पत्र लिही, मला कशाला ऐकवतेस?' मग लिहायला बसले आणि तुझ्यासाठी काढलेल्या शिव्या माझ्याच अंगावर यायला लागल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पेटीतले सगळे दोरे काढले. नट-गाठींसकट तसेच बांधलेले होते. एकेक खिळ्याला अडकवून मोजला. ऐंशी, एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. एकाही दोऱ्याने वीस झोक्यांना चाळीस सेकंद घेणं शक्य नव्हतं. आणि माझ्याकडे, तिचा सोडून, चाळीस लिहिलेले एकतीस कागद होते. एकतीस, वन्सं. त्यांवर मी लाल शाईने 'शाब्बास' लिहिलंय. तपासताना पाकीट माझ्या टेबलावर उघडंच पडलेलं असायचं. वर्गात एकाच मुलीने मोजलं होतं, आणि मी नेमकी तिला उभी केली. तू दूर होतीस, तुला दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर नट हलत होता. तिच्या शेजारी उभं राहून मी तिच्या ओठांकडे बघत होते, घड्याळाकडे बघत होते. दोऱ्याला पट्टी लावावी असं एकदाही मनात आलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी आरसा मागायला तुझ्याकडे पत्र पाठवत होते.

काल वर्गासमोर तिची माफी मागितली. स्पष्ट सांगितलं, उत्तर छत्तीस होतं, हिचं बरोबर होतं, माझं आणि पुस्तिकेचं चुकलं. तिला त्या आकड्यावरून हाक मारायला मीच शिकवलं, तेही सांगितलं. एकतीस पोरं खाली बघत बसली. ती उभी राहिली आणि म्हणाली, 'बरं, बाई.' एवढंच. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

बारावं मॉड्यूल तिचं पाच तारखेलाच पुरं झालं होतं. विज्ञानाच्या तुकडीच्या यादीत ती चौथी आहे. जे व्हावं म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते, ते झालं. तिचे वडील आनंदाने येऊन गेले. त्यांना सगळं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. तेही माझ्याकडेच राहिलं.

शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. म्हटलं, चल, आपण दोघी पुन्हा मोजू. नवा दोरा तिच्या हातात दिला. ती तो हातात धरून बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बांधलाच नाही. मापाची पट्टी दप्तरात दिसली नाही. विचारलं, तर म्हणाली, दुकानात ठेवली, तिथे लागते.

मग मी तिला म्हटलं, ज्यांनी मॉड्यूल लिहिलं त्यांना तुझी माफी मागायचीये, तुला काही सांगायचं असेल तर लिही. तिने तिथेच बाकावर बसून लिहिलं, एकही शब्द न खोडता. सोबत पाठवतेय. वाच, आणि काय उत्तर द्यायचं ते तूच ठरव.

वहिनी

८ मार्च

आदरणीय मॅडम,

बाईंनी सांगितलं की तुम्हाला माझी माफी मागायची आहे. मी राग धरलेला नाही. बाबा म्हणतात, मोठी माणसं मुद्दाम चुकत नाहीत.

तुमची दुरुस्तीची चिठ्ठी आली. त्यात लिहिलं आहे की गाठी सोडून दोरा ऐंशी असेल तर छत्तीस बरोबर. बाई म्हणतात, आता जे येईल ते लिही. पण मागच्या वेळीही पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं आणि मी चार वेळा जे आलं ते लिहिलं होतं.

विज्ञानाच्या तुकडीत माझा नंबर लागला आहे. नववीची मॉड्यूलंही तुम्हीच लिहिता असं कळलं. तिथे मला एका मॉड्यूलवर थांबून चालणार नाही, कारण मागे राहिलं की तुकडी जाते.

म्हणून एक विनंती आहे. नवीन पुस्तिका पाठवाल तेव्हा कोणत्या प्रयोगाला तुम्हाला किती हवे आहेत ते आधीच कळवा. मी तेवढेच लिहीन.

आठवी, शेवटचा बाक
बारा मॉड्यूल पूर्ण